चितळापासून लपायला पानाफांद्यांच्या छापाचे कपडे लागतात का?

पांदणवाट, भिवापूर

रामराम मंडळी. माझा चुलतभाऊ अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. तिकडे त्याला तीर-कमानीने हरणाची शिकार करायचा नाद लागला आहे. मागच्या दिवाळीत गावी आला तेव्हा माझ्यासाठी पानाफांद्यांच्या छापाचं जॅकेट, तसलीच पॅन्ट, टोपी आणि तोंडावर ओढायची जाळी घेऊन आला. म्हणाला, हे घातलं की हरीण अंगावरून जाईल पण तुला पाहणार नाही.

शिकारीशी माझा काही संबंध नाही. आपल्याकडे ती गुन्हा आहे आणि मला ती नकोही आहे. मी यंदा पहिल्यांदाच बुद्धपौर्णिमेच्या प्राणी गणनेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात मचाणावर बसणार आहे, म्हणून विचारतो.

जानेवारीत मी ते जॅकेट वापरून पाहिलं. आमचं वावर जंगलाला लागून आहे. संध्याकाळी शेजारच्या हरभऱ्यात आठ-दहा चितळं उतरली होती. मी सगळा पोशाख चढवला, जाळी ओढली आणि तुरीच्या तासातून वाकून वाकून निघालो. साठेक पावलं राहिली असतील, एका मादीने मान वर केली, पाय आपटला आणि सगळा कळप नाल्यापार. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला आई पिवळं लुगडं नेसून कापूस वेचत होती, सोबत तीन बाया, गप्पा सुरू. आणि चितळं त्याच हरभऱ्यात, आईपासून माझ्यापेक्षा जवळ, खुशाल चरत होती.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. हे कपडे कामाचे आहेत का? की मी काहीतरी चुकलो?

कॅमेरा गळ्यात, चंद्रपूर

घाल रे भाऊ. मी सात वर्षांपासून पाणवठ्यावर पक्ष्यांचे फोटो काढतो. साध्या शर्टात नवरंग कधी जवळ आला नाही, छापाच्या कपड्यात चार हातांवर येऊन आंघोळ करून गेला. चितळाचं मला तितकं माहीत नाही, पण घालून तोटा काय?

साकोलीचा जुना गार्ड

पांदणवाट भाऊ, तुमच्या आईच्या पिवळ्या लुगड्यातच तुमचं उत्तर आहे.

मी वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल होऊन निवृत्त झालो. एकूण ३१ वर्षं, त्यातली निम्म्याहून जास्त नागझिऱ्याच्या आसपास. एवढ्या काळात चितळ निव्वळ कपड्याचा रंग पाहून बिचकलं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकेन असा एकच प्रसंग आहे. तो पुढे सांगतो.

आधी डोळ्याचं. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, हरणाच्या डोळ्यात दोन. १९९४ साली अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या आणि फॅलो हरणाच्या डोळ्यांची मोजमापं प्रसिद्ध झाली. त्यात एक प्रकार निळ्याला आणि दुसरा हिरव्या-पिवळ्याला जागणारा निघाला. लाल वेगळा ओळखणारा प्रकार नाहीच. चितळ त्याच कुळातलं जनावर आहे. म्हणून पळसाच्या फुलासारखा भडक केशरी त्याच्या नजरेत झाडोऱ्याच्या रंगात मिसळून जातो. वाघ एवढा केशरी असून गवतात लपतो तो त्यामुळेच. तो लपतो चितळापासून, आपल्यापासून नाही.

पण रंगात कमी असलेला हा डोळा नजरेची रुंदी, अंधुक उजेड आणि हालचाल टिपणं यांत आपल्यापेक्षा भारी आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना डोळे, बाहुली आडवी, त्यामुळे मान न हलवता जवळपास सगळीकडचं दिसतं. संधिप्रकाशात तर आपण चाचपडत असतो तेव्हा त्याला लख्ख दिसत असतं. आणि एवढ्या रुंद नजरेला सगळ्यात आधी टोचते ती हालचाल. एकदा मचाणावर माझ्यासोबत एक वॉचर होता, खांद्यावर लालभडक दुपट्टा. आम्ही दोघं दगडासारखे बसलो होतो. अठरा चितळं आली, पाणी प्यायली, पिल्लं एकमेकांना ढुशा देत होती. वॉचरच्या कानाशी मच्छर आला आणि त्याने हात उचलला. इतकंच. पुढच्या मादीची शेपटी उभी झाली, खालचा पांढरा भाग दिसला, पाय आपटला, धोक्याचा कॉल झाला. दुपट्टा अर्धा तास तिथेच होता, तो कुणाला खुपला नव्हता.

आता तुमच्या तुरीच्या तासाकडे या. तुम्ही वाकून, थांबत थांबत, सरळ कळपाच्या दिशेने गेलात. जंगलात असं कोण चालतं? बिबट आणि वाघ. त्यात जानेवारीतली तूर वाळायला आलेली, जॅकेटचं कापड तिला घासून खसखसलं असणार. तुमची आई उभी होती, बोलत होती, तिचं काम एका लयीत सुरू होतं आणि ती त्यांच्याकडे जात नव्हती. ती कोण, कुठे आहे आणि काय करते हे चितळांना रोजचं पाठ आहे. माझे आजोबा सांगायचे, वऱ्हाडात पूर्वी गायके पारधी शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने काळविटाच्या कळपाजवळ सरकत. अंगावर कसलाही छाप नाही. काळविटाला चरणारा बैल दिसायचा, दोन पायांवर चालणारा माणूस दिसायचा नाही. आजोबांचं एक वाक्य मी नोकरीभर जपलं: "थो कपडा नाई पाह्यत बाप्पा, थो आकार पाह्यते."

आणि नाक. नाकापुढे हे सगळं फिकं आहे. वारा कुठून होता ते तुम्ही लिहिलं नाही, पण मी पैज लावतो, तुमच्या दिवशी तो तुमच्या पाठीमागून होता. पुडक्यातून काढलेल्या नव्या कपड्याचा वास आपल्यालाच येतो, तर चितळाचं काय. मचाणावर जाताना पावडरच्या रिकाम्या डब्यात चुलीची बारीक राख घेऊन जा. चिमूटभर सोडायची आणि ती कुठे वाहते ते पाहायचं. दुपारी उन्हाची झळ बहुधा पश्चिमेकडून येते. पण सूर्य बुडाला की वारा पडतो आणि गार होणारी हवा उताराने खाली सरकते. पाणवठा खोलगट जागीच असतो. म्हणजे दिवसभर तुमचा वास पाण्यापासून दूर जात असला तरी संध्याकाळी तो घरंगळत थेट पाण्यावर येऊ शकतो, आणि जनावर येण्याची वेळ नेमकी तीच. मचाण काही तुम्हाला हलवता येणार नाही, पण अंगाचा वास कमी करता येतो. अत्तर, डिओ, वासाचं तेल, तंबाखू-सुपारीचा खर्रा, सगळं घरी ठेवा. खर्ऱ्याचं मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे तो सोडून मचाणावर चढणारा माणूस विरळा.

आता तो एकच प्रसंग. पौर्णिमेच्या गणनेला एक पाहुणे बसले होते, निळीत बुडवून कडक इस्त्री केलेला पांढराशुभ्र सदरा. चांदण्यात तो सदरा मलाच ट्यूबलाइटसारखा दिसत होता. ते हलले नव्हते, वारा पाण्याकडून आमच्याकडे येत होता, तरी तीन चितळं काठावर येऊन त्या सदऱ्याकडे टक लावून उभी राहिली आणि पाणी न पिता परतली. त्या रात्री मी माझा खाकी शर्ट त्यांच्या अंगावर टाकला. मग पहाटेला आली. पांढरा आणि निळा, हे दोन टाळा. बाकी मेहंदी, माती, राखाडी, जुना विटका कुठलाही शर्ट चालतो.

चंद्रपूरच्या भाऊंचंही खरंच आहे. पक्ष्यांना आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात. आणि वानराला आपल्यासारखेच तिन्ही दिसतात. इथे कपड्याचा रंग चितळापर्यंत आडवाटेने पोहोचतो. जांभळीच्या शेंड्यावर बसलेल्या वानराने तुमचा भडक शर्ट पाहून एकदा खाकरलं की खालचं चितळ स्वतः पाहायच्या भानगडीत पडत नाही, त्याच्या शब्दावर निघून जातं. टिटवीचंही तसंच. म्हणून साधे, मातकट कपडे घाला म्हणतो. चितळापेक्षा त्याच्या पहारेकऱ्यांसाठी.

तुमच्या जॅकेटवर हिरवी पानं असतील तर मे महिन्यात त्यांचा काय उपयोग? सागाला तेव्हा पान नसतं, सगळं रान करडं-भुरं. आणि ४४-४५ अंशात त्या जाड कापडात बसलात तर घामाचा वास वेगळा.

शेवटचं, आणि हे कृपा करून मनावर घ्या. मचाणावर लपा, जमिनीवर लपू नका. आपल्या भागात वाघ आहे. मोहफूल वेचताना, तेंदूपान तोडताना वाकलेली माणसं गेली आहेत, आणि त्यातली दोन मी स्वतः उचलून आणली आहेत. वाकलेला, गप्प, झाडोऱ्यात मिसळलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. तुरीच्या तासातून संध्याकाळी तसं पुन्हा जाऊ नका. आणि सैनिकी छापाचे कपडे घालून गडचिरोलीकडच्या रानात तर पाऊलही टाकू नका. तिथे पोलीसही अशाच कपड्यात फिरत आले आणि नक्षलवादीही.

आर्वीचा, सध्या विस्कॉन्सिन

गार्डकाका, तुमचं लिहिणं वाचून डोळे भरून आले. मी इथे नऊ वर्षांपासून तीर-कमानीने परवान्यावर शिकार करतो, त्यामुळे त्या बाजूचं थोडं सांगतो.

इथे सप्टेंबरच्या मध्यापासून कमानीचा हंगाम सुरू होतो आणि नोव्हेंबरमध्ये नऊ दिवस बंदुकीचा. बंदुकीच्या हंगामात कमरेवरचे निम्मे तरी कपडे झगझगीत केशरी किंवा गुलाबी हवेत, असा नियम आहे. गुलाबीला २०१६ पासून मुभा मिळाली. हा रंग दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस दिसावा म्हणून असतो. त्या नऊ दिवसांत कमानवाल्यालाही तो चुकत नाही. आणि एवढ्या केशऱ्या माणसांसमोर दरवर्षी हरणं येतातच.

मग कमानवाले उरलेल्या दिवसांत छापाचे कपडे का घालतात? बंदूकवाला दीडशे पावलांवरून गोळी घालू शकतो. कमानवाल्याला हरीण वीस-पंचवीस पावलांवर यावं लागतं आणि मग त्याच्यासमोरच हात मागे ओढावा लागतो. ती एक हालचाल टाळता येत नाही. छापातले मोठे गडद-फिके ठिपके हाताचा आणि खांद्याचा आकार फोडतात, त्याने क्षणभराची सवलत मिळते. पण मी ज्याच्याकडून शिकलो ते म्हातारे आजोबा चौकड्यांचा लोकरी शर्ट घालतात. ते मोठ्या बुंध्याला पाठ टेकून बसतात आणि हरणाचं डोकं झाडाआड गेलं की तेव्हाच कमान ओढतात.

कपडे धुण्याचं एक आहे. बऱ्याच धुण्याच्या पावडरींत पांढरेपणा वाढवणारं द्रव्य असतं, ते अतिनील किरण शोषून निळसर चमक देतं. आपल्या डोळ्याचं भिंग ते किरण अडवतं, हरणाचं बरेचसे आत येऊ देतं, आणि निळं तर त्याला उत्तम दिसतं. पांदणवाट, बँकेत नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो ना, त्याखाली तुझं महागडं जॅकेट एकदा धरून बघ. उजळलं, तर त्यापेक्षा रिठ्याने धुतलेला जुना शर्ट बरा.

हरभरा आणि मी, वरोरा

मला यातून माझ्या कामाचं सापडलं. आम्ही चार एकर हरभऱ्याला जुन्या साड्या बांधतो, गावात सगळेच बांधतात. पहिले आठ-दहा दिवस रोही (नीलगाय) आणि चितळ थबकतात, मग साडी ओळखीची झाली की खालून तोंड घालतात. आमच्याकडे सगळे म्हणत, लाल बांधा, लालला भितात. मी मागच्या वर्षी एका धुऱ्यावर लाल-मरून आणि दुसऱ्यावर माझ्या पांढऱ्या व निळ्या साड्या बांधल्या होत्या, रंग पाहून नाही, होत्या तशा. निळ्या बाजूने नुकसान उशिरा सुरू झालं. तेव्हा मला वाटलं, तो धुरा रस्त्याकडे आहे म्हणून. आता वाटतं, दोन्ही असेल. काका, यंदा सगळीकडे पांढरं-निळंच बांधू का? कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणाऱ्या मशीनला पैसे नाहीत, जागलीला मुलगा एकटा जातो, त्याची रात्रभर काळजी असते.

साकोलीचा जुना गार्ड

ताई, बांधा. पण ताणून बांधू नका, खालचं टोक मोकळं ठेवा म्हणजे फडफडेल, आणि दर आठवड्याला साड्यांची जागा बदला. ओळखीचं झालं की संपलं. न्हाव्याकडचे केस धुऱ्यावर टाकत असाल तर तेही दर आठ दिवसांनी ताजे टाका, वास उडून जातो. मुलाला मात्र गडद घोंगडी पांघरून बांधावर बसवू नका. मचाण उंच बांधा, कंदील किंवा टॉर्च सुरू ठेवा, दर थोड्या वेळाने डबा वाजवू द्या. त्याला लपायचं नाही, त्याला दिसायचं आहे.

पांदणवाट, भिवापूर

काका, आज वावरात जाऊन पाहिलं. हरभरा आमच्या पूर्वेला आहे आणि त्या संध्याकाळी मी पश्चिमेकडून गेलो होतो. वारा पाठीमागून असेलही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मले त् थे रोजच दिसतात, मी काहून पाहू त्यायच्याकडे?"

जॅकेट दिव्याखाली धरलं. खांद्यावर आणि बाह्यांवर चांगलंच उजळलं, घरच्या पावडरने दोनदा धुतलं होतं. बाबांचा मेहंदी रंगाचा जुना शर्ट काढून ठेवला आहे. रिठे उद्या आणतो. राखेचा डबा भरला.

एकच विचारायचं राहिलं. चेहऱ्याला काय करू? जाळी ओढू की दुपट्टा गुंडाळू?

साकोलीचा जुना गार्ड

दुपट्टा, आणि तोही ओला करून. चेहरा आणि हाताचे पंजे सगळ्यात जास्त हलतात, ते झाका. पाण्याची बाटली स्टीलची न्या, प्लास्टिकची दाबली की कडकडते. पॅन्टीला चर्रर करून उघडणारा खिसा असेल तर तो शिवून टाका. चढण्याआधी लघवी उरकून घ्या. आणि पहाटे चार-साडेचारला डोळा लागतो, तेव्हा सोबत्याला सांगून ठेवा. माझी पहिली अस्वल मी त्याच वेळेला झोपेत घालवली होती.