जे-२४ सुक्यावर ठेवायची तर

मुंबईत सेलिंग क्लबबाहेर जे-२४ साठी, म्हणजे २४ फुटी शिडाच्या बोटीसाठी, परवडणारी सुकी (पाण्याबाहेर ठेवायची) जागा कुठे मिळेल आणि बोट पाण्यात कशी सोडायची असं विचारलंय ना, तर माझं ऐका, आधी क्रेनचं बघा आणि मग जागा. पनवेलकडे स्वस्त प्लॉट घेऊन दर रविवारी ओढत आणायचा विचार सोडाच, रुंदी २.७१ मीटर आहे, रस्त्यावर ती ओव्हरसाइज मालातच धरतात. त्यात कील (बोटीखालचं वजनदार पातं) फिक्स, सव्वा मीटर ड्राफ्ट (पाण्याखालची खोली), वर ट्रेलरची उंची, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या रॅम्पवर दोनेक मीटर पाणी हवं, मग बसा भरतीची वाट बघत आणि ट्रेलरची बेअरिंगं खाऱ्या पाण्यात घालवा!

त्यापेक्षा धक्क्याजवळच कोपरा बघा आणि दोन-तीन बोटवाले मिळून हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन) बोलवा. वजन जेमतेम १,४०० किलो, कील बोल्टांना पट्टा लावून हॅचमधून (डेकवरच्या दारातून) वर काढला, बोटीचा बूम (शिडाचा आडवा दांडा) बाजूला घेतला की एका हुकावर अलगद उचलते. फक्त ड्रायव्हर "साहेब, बारा टनाची आहे" म्हणाला तरी क्रेनचा हात पूर्ण लांबवल्यावर किती उचलते ते विचारा, ओहोटीला पाणी बरंच खाली गेलेलं असतं.

आणि बोट वर काढायला मेच्या शेवटी जाऊ नका, १ जूनपासून मासेमारी बंद म्हणून तेव्हा कोळी बांधवांची होड्या शाकारायची घाई असते, तुम्हाला कोण विचारतंय! पावसाळ्यात ताडपत्री घट्ट बांधा पण हवा खेळू द्या, नाहीतर आत बुरशी.