लॉबीतली ती बाई

शैलाकाकू २०४: सेक्रेटरी बाब, लिफ्टसमोर ती फ्रेम कुणाला विचारून लावली? सकाळी पोदेराकडून पाव घ्यायला खाली उतरलं की ती बाई अशी बघते, जणू आपण तिच्याकडे उसने पैसे मागायला आलोय. चवथ तोंडावर आलीय, पाहुणे काय म्हणतील

सेक्रेटरी: नमस्कार काकू. ३०२ मध्ये रशियन भाडेकरू होती ना, मोरजीला शिफ्ट होताना सोसायटीला देऊन गेली. चांगली फ्रेम आहे म्हणून लावली 🙏

दिगंबर १०१: पाण्याच्या टाकीची सफाई कधी? मे महिन्यापासून विचारतोय.

मानसी ४०३: काकू ते फेमस चित्र आहे. इव्हान क्राम्स्कोय, १८८३, ‘अनोळखी स्त्री’. ओरिजिनल मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत. बाई कोण ते अजून नक्की कुणालाच माहीत नाही

उल्हास ३०१: नाव-गाव माहीत नाही आणि आमच्या लॉबीत? पोलीस व्हेरिफिकेशन झालं का हिचं 😂

शैलाकाकू २०४: हसण्यावारी नेऊ नका. चेहऱ्यावर नुसती घमेंड आहे.

मानसी ४०३: ती उघड्या घोडागाडीत वर बसलीय आणि आपण खाली रस्त्यावर, म्हणून तसं वाटतं. डोळे बघा ना नीट, खालच्या पापणीपाशी ओल आहे, मला तर ती रडू दाबून बसलेली वाटते. मागचा पीटर्सबर्गचा अनिच्कोव्ह राजवाडा धुक्यात पुसट केलाय आणि फर, मखमल, टोपीवरचं पांढरं पीस एकदम लख्ख, शिवाय शेजारची जागा रिकामी

दिगंबर १०१: टाकी???

सर २०१: मानसीबाय, त्या काळी एकटी बाई एवढा थाट करून उघड्या गाडीत म्हटल्यावर टीकाकारांनी तिला काही बरी बाई मानलं नव्हतं. ती गॅलरी उभारणाऱ्या त्रेत्याकोव्हनं स्वतः हे चित्र घेतलं नाही, गॅलरीत आलं ते तो गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी. क्राम्स्कोय म्हणजे १८७३ मध्ये टॉलस्टॉयचं पोर्ट्रेट केलेला माणूस, चेहरा कसा वाचायचा ते त्याला कळत होतं. मला घमेंडही दिसत नाही आणि रडूही. लोक काय बोलतात ते तिला ठाऊक आहे, आणि तरी ती मान खाली घालत नाही.

शैलाकाकू २०४: सर, मान खाली न घालणारे आपल्याकडेही आहेत, दोन दोन वर्षं मेंटेनन्स थकवून.

उल्हास ३०१: काकू नाव घेऊन बोला की. माझ्या बेडरूमचं छत गळतंय, आधी वॉटरप्रूफिंग करा मग भरतो.

खजिनदार: उल्हासबाब, गळती आणि मेंटेनन्स हे दोन वेगळे विषय आहेत, मागच्या मीटिंगमध्ये बोलणं झालंय.

मानसी ४०३: विषय चित्राचा होता 🙏

उल्हास ३०१: चित्राचाच बोलतो मग. फ्रेम जरा बाजूला सरकवून बघा, मागे भिंत केवढी फुगलीय ती.

सेक्रेटरी: ती ओल जुनी आहे.

शैलाकाकू २०४: म्हणजे ओल लपवायला बाई लावली होय! बरोबर आहे मग तिचं तसं बघणं.

सर २०१: 😄

दिगंबर १०१: भिंतीबरोबर टाकीपण बघून घ्या.

शैलाकाकू २०४: सेक्रेटरी बाब, ती भिजायच्या आत काढा आणि माझ्याकडे पाठवा. हॉलमध्ये दरवाजासमोर लावते, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघू दे तिला खुशाल.

उल्हास ३०१: सोसायटीची वस्तू घरात न्यायची तर जनरल बॉडीचा ठराव लागतो काकू.