टांगता दिवा : निवडला कसा, टांगला कसा?

जेवणाच्या टेबलावर टांगायला एक दिवा आणला. 'रस्टिक' म्हणून जो प्रकार मिळतो तोच : काळं लोखंडी कडं, त्याला काथ्याच्या तीन दोऱ्या, मधोमध ओबडधोबड लाकडाचा तुकडा आणि खाली तीन होल्डर. आणून तीन आठवडे झाले. अजून तो खोक्यातच आहे आणि खोकं टेबलाखाली. वर असायचा तो खाली आहे, एवढंच.

अडलंय ते असं. एक, उंची ठरत नाही. मला तो खाली हवाय, नवरा म्हणतो डोकं आपटेल. दोन, छतातला पॉइंट, म्हणजे दिव्याची वायर जिथून बाहेर येते ती जागा, टेबलाच्या मध्यावर नाही, भिंतीकडे चाळीसेक सेंटिमीटर सरकलेला आहे. तीन, वजन. मी दिवा हातात घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले, मग दिव्याशिवाय, आणि वजाबाकी केली : साडेसहा किलो. वर जिप्समचं फॉल्स सीलिंग आहे आणि ते बोटाने ठोकलं तर पोकळ वाजतं.

दुकानात हे दिवे दहा-दहा एकत्र टांगलेले असतात, तिथे सगळेच छान दिसतात. एकाच दिव्याखाली रोज बसल्यावर काय होतं ते ज्यांनी असा दिवा लावलाय त्यांनी सांगावं. काय निवडलं, कसं टांगलं, कशाचा पस्तावा झाला. फसलेले किस्से आधी सांगा, कारण माझा फसायचा आहे.

*

उंचीचं सांगते. टेबलाच्या पृष्ठभागापासून दिव्याच्या खालच्या कडेपर्यंत ७५ ते ९० सेंटिमीटर हे माप सगळीकडे सांगतात आणि ते बरोबर आहे. पण पंधरा सेंटिमीटरचा फरक थोडा नाही. आम्ही दिव्याच्या आकाराचं पुठ्ठ्याचं खोकं सुतळीने टांगलं आणि चार दिवस तसंच ठेवलं. पहिल्या दिवशी ७५ वर. बसल्यावर समोरच्याचं कपाळ दिसेना. ९० वर नेलं तर उजेड टेबलावर पडण्याऐवजी खोलीभर पसरणार हे लक्षात आलं, शिवाय खोकं छताला चिकटल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी ८२.

एक गोष्ट मात्र सुचली नव्हती. पाहुणे आले की टेबल भिंतीकडे सरकवतो. टेबल गेलं, दिवा तिथेच, आणि खालून येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला धडकतो. आता साखळीत वरच्या बाजूला एक एस हूक घातलाय, टेबल हलवायचं असेल तेव्हा दहा कड्या वर उचलून अडकवते. खालून माणसं चालणार असतील तर जमिनीपासून किमान सात फूट मोकळे हवेत.

रुंदीचंही बघा. टेबलाच्या रुंदीच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत दिवा बरा दिसतो. त्याहून मोठा असेल तर ताटावरून उठताना कड्याची धार कानाला लागते.

*

फॉल्स सीलिंग वाचलं आणि राहवलं नाही.

आमचा दिवा चार किलोचा, म्हणजे तुमच्याहून हलका. बसवणाऱ्याने जिप्सम बोर्डला चार स्क्रू मारले, लोंबकळून दाखवल्यासारखा दिव्याला एक हिसका दिला आणि म्हणाला, "बघा, हलत नाही." पाच महिने खरंच हलला नाही. मग एका रात्री दोनच्या सुमाराला आवाज झाला. बाहेर येऊन बघतो तर दिवा टेबलापासून वीतभर वर तिरका लटकतोय. चारही स्क्रू निघालेले आणि प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना बोर्डाचा पांढरा गोळा चिकटलेला, दाढेला हिरडी चिकटून यावी तसा. सगळा भार दोन वायरींवर. एका वायरीचं आवरण ताणून पातळ झालं होतं आणि आतलं तांबं दिसत होतं. मी सर्वांत आधी एमसीबी, म्हणजे वीजपेटीतला त्या लाइनचा खटका, पाडला, मग बाकीचं बघितलं.

जिप्सम बोर्ड फक्त स्वतःचं वजन सांभाळायला असतो. दिवा स्लॅबलाच टांगायचा. आम्ही बोर्डात हातभर चौकोन कापला, वर स्लॅबमध्ये भोक पाडून लोखंडी अँकर फास्टनर ठोकला, त्याला हूक आणि हुकातून साखळी खाली. प्लास्टिकचे गिट्टे भिंतीवर फोटो लावायला ठीक, छतात सरळ खाली ओढणारं वजन असेल तर ते हळूहळू सैल होतात. लोखंडी फास्टनरचं उलट असतं, बोल्ट आवळला की तो आत फाकतो आणि काँक्रीटला घट्ट बसतो.

भोक पाडताना हॅमर ड्रिल अडीच-तीन सेंटिमीटर गेलं आणि थांबलं. राखाडी भुकटीऐवजी चकचकीत कण पडायला लागले, म्हणजे सळई लागली. जोर लावू नका, दोन इंच बाजूला सरका. आणि ड्रिलच्या बिटवर प्लास्टिकचा कप भोक पाडून उलटा बसवा, भुकटी डोळ्यांत न जाता कपात पडते. चष्मा तरीही लावा.

शेवटची परीक्षा : दिव्याच्या तिप्पट वजन हुकाला एक रात्र टांगून ठेवा. पाण्याची बादली सर्वांत सोपी, एक लिटरला एक किलो. तुमच्या साडेसहा किलोला वीस लिटरची भरलेली बादली.

*

मी वायरिंगचं काम करतो, म्हणून अनुभव उलट्या बाजूचा. लोक दिवा महिनाभर निवडतात आणि जोडणी पाच मिनिटांत उरका म्हणतात.

जुन्या घरांत बऱ्याचदा बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर (वीज परत नेणाऱ्या वायरीवर) असतं. बटण बंद केलं की दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज असतोच. त्यामुळे छतातल्या पॉइंटला हात लावण्याआधी बटणावर विसंबू नका, एमसीबी पाडा. टेस्टर आधी एखाद्या चालू सॉकेटवर लावून तो पेटतो का बघा, मगच छतातल्या वायरीला लावा. बिघडलेला टेस्टरही पेटत नाही.

दिवा लोखंडी असेल तर अर्थिंग लागतंच. छतातून दोनच वायरी लोंबत असतील, हिरवी नसेल, तर ती आणून घ्यायला सांगा. काथ्याच्या आतून जाणारी वायर कड्याच्या धारेवर घासून सोलली गेली तर सगळं कडं जिवंत होतं आणि ते तुमच्या डोक्याच्या उंचीवर असतं. जिथे वायर लोखंडातून जाते तिथे रबराची बुशिंग, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी गोल चकती, आहे का, खोक्यातून काढल्या काढल्या बघा. मी बसवलेल्या दिव्यांत निम्म्यांना नव्हती.

पिळाच्या होल्डरमध्ये फेज मधल्या पत्तीला आणि न्यूट्रल पिळाच्या कड्याला. उलटं जोडलं तरी बल्ब पेटतो, म्हणून कोणाला कळत नाही. कळतं ते बल्ब बदलताना, शॉक बसला की.

भार साखळीवर किंवा दोरीवर. वायर नेहमी थोडी ढिली, साखळीच्या कड्यांतून नागमोडी ओवलेली. आणि जोड कनेक्टरमध्ये, नुसती पिळून चिकटपट्टी नको. हे सगळं स्वतः करावं का? दिवा टांगणं करा, खुशाल. जोडणी ज्याला येते त्याच्याकडून करून घ्या.

*

मी बल्बमध्ये फसलो. दिव्यासोबत मधाच्या रंगाच्या काचेचे, आत नागमोडी तार दिसणारे तीन एलईडी बल्ब आले. संध्याकाळी लावले, सगळे वाह म्हणाले. दुसऱ्या दिवशी मुलगी त्याच टेबलावर गणितं सोडवायला बसली आणि दहा मिनिटांत उठून दुसऱ्या खोलीत गेली. तीन बल्ब मिळून उजेड ६०० ल्युमेनच्या (ल्युमेन हे उजेडाचं माप) आसपास. जुना ६० वॅटचा एकच साधा बल्ब साधारण ७०० ते ८०० ल्युमेन द्यायचा. शिवाय रंग २२०० केल्विन (आकडा जितका कमी तितका उजेड तांबूस), म्हणजे इतका तांबूस की पानातली हिरवी भाजी तपकिरी दिसते.

आता २७०० केल्विनचे, दुधी काचेचे लावलेत. तार दिसत नाही, मान्य. पण तारेकडे बघत कोणी जेवत नाही. उघडा बल्ब नजरेच्या रेषेत असेल तर तो डोळ्यांत खुपतोच. स्वच्छ काचेचाच बल्ब हवा असेल त्यांच्यासाठी खालचा अर्धा भाग आरशासारखा असलेले बल्ब मिळतात, उजेड वर जाऊन परततो.

आणखी एक गंमत. घरात साठवलेले सगळे बल्ब दोन पिनांचे, बी२२. दिवा पिळाचा, ई२७. पहिल्या रात्री बल्ब हातात घेऊन स्टुलावर तसाच उभा राहिलो. विकत घेतानाच होल्डर बघा.

डिमरचं एका वाक्यात : जुना डिमर साध्या बल्बसाठी होता, एलईडीवर तो गुणगुणतो आणि उजेड थरथरतो. 'डिमेबल' लिहिलेला बल्ब आणि एलईडीसाठीचा डिमर, दोन्ही लागतात.

*

माझा वेताचा, टोपलीसारखा विणलेला, सांगाडा बांबूच्या कामट्यांचा. दोन तक्रारी.

पहिल्या दिवशी दिवा लावला आणि चारही भिंतींवर जाळं पडलं. मुलं खूश. मी आठवडाभर खूश. मग पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचे पट्टे बघून डोकं दुखायला लागलं. बल्ब स्वच्छ काचेचा होता, तार बारीक, म्हणून सावल्या कातरल्यासारख्या धारदार. दुधी काचेचा गोल मोठा बल्ब लावला आणि त्याच सावल्या पुसट झाल्या. टोपली तीच.

दुसरी जास्त गंभीर. दोन महिन्यांनी टेबलावर रोज सकाळी चिमूटभर पिवळसर पीठ दिसायला लागलं. मी रोज पुसायचे आणि मनातल्या मनात छताला शिव्या द्यायचे. एकदा ते बोटावर घेऊन वर बघितलं तर बांबूच्या कामटीत टाचणीच्या टोकाएवढी भोकं, आणि त्यांतून ते पीठ गळतंय. भुंगेरा. बांबूत स्टार्च असतो, त्यासाठी तो येतो. दिवा उतरवला, वायर-होल्डर काढले, बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं पाणी ब्रशने दोनदा लावलं, कडक उन्हात वाळवलं. वर्ष झालं, पीठ नाही. घेतानाच विचारा, बांबूवर प्रक्रिया केलीय का. आणि दिवा पांढऱ्या कागदावर धरून झटका. काही पडलं तर ठेवून द्या तिथेच.

*

काथ्या स्वयंपाकघरात लावू नका. फोडणीची वाफ, तेल, त्यावर धूळ. वर्षभरात दोर काळा, चिकट आणि धुता येत नाही. आता साधी पत्र्याची टोपी आहे, ओल्या फडक्याने पुसते.

*

पंख्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. आमचा दिवा पंख्यापासून दोन फुटांवर आणि पात्यांच्या किंचित वर होता. पाती उजेड कापत राहायची, भिंतीवर सतत लुकलुक. शिवाय वाऱ्याने दिवा डुलायचा, साखळी कुरकुरायची. दिवा पात्यांच्या पातळीखाली आणला तेव्हा लुकलुक थांबली. डुलणं अजून आहे, मला आवडायला लागलंय.

*

मी लाकडी गाडीच्या जुन्या चाकाचा झुंबर केला. सहा होल्डर, अठ्ठावीस किलो. पंख्याच्या हुकावर टांगायचा विचार होता, स्ट्रक्चरल इंजिनिअर मेहुण्याने असं काही बघितलं माझ्याकडे, की मी चाक गॅलरीत ठेवलं. ते अजून तिथेच आहे, वर कुंड्या आहेत. सुंदर दिसतं. झुंबराचं नंतर बघू.

*

पॉइंट मध्यावर नसल्याचं : छत फोडायची गरज नाही. टेबलाचा मध्य काढा, तिथून वर ओळंबा धरायचा असतो पण ओळंबा खाली पडतो, वर नाही. म्हणून एकाने छताला दोरी धरायची, खाली नट बांधायचा आणि दुसऱ्याने टेबलाच्या खुणेवर नट येईपर्यंत 'डावीकडे, अजून, अरे डावीकडे' करायचं. जिथे जुळेल तिथे हूक. मूळ पॉइंटपासून हुकापर्यंत वायर झोका देऊन, दिसेल अशीच न्यायची. काळी, कापडी विणीची वायर असेल तर ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं. आमच्याकडे सगळ्यांना तेच डिझाइन वाटतं, आम्ही दुरुस्त करत नाही.

*

सगळ्यांचे आभार. काल टांगला.

स्लॅबमध्ये अँकर, बोर्डात चौकोन, हिरवी वायर आणून घेतली. वीस लिटरची बादली रात्रभर टेबलावर टांगली होती आणि मी तीनदा उठून बघून आले. खाली टेबलावर गादी टाकली होती हे नवऱ्याने सकाळी सगळ्यांना सांगितलं. उंची ८० ठेवली, साखळीच्या सात कड्या वर जादा गुंडाळून ठेवल्यात. बल्ब २७०० चे, दुधी. पॉइंटचा झोकाही दिलाय.

फक्त काथ्याच्या तीन दोऱ्यांपैकी एक जरा लांब निघाली. कडं एका बाजूला अर्धं बोट खाली आहे. गाठ दोनदा सोडून बांधली, तरी तेवढंच. नवरा म्हणतो दिवा सरळ आहे, टेबल तिरकं आहे. आता पाणपातळी आणून टेबल तपासते.