डीव्हीडी बर्न करताना निळी स्क्रीन, वाचताना मात्र काहीच होत नाही

रिकामी_डिस्क
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. विंडोज १०, जुना सॅटा डीव्हीडी रायटर. घरातले व्हिडिओ डिस्कवर टाकायला बसलो, राइट सुरू होतं आणि कधी १२ टक्क्यांवर कधी पार ९० वर जाऊन धाडकन निळी स्क्रीन, "ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल", की मशीन रीस्टार्ट. चार डिस्क वाया गेल्या. त्याच ड्राइव्हवर डिस्क वाचायला सांगा, अख्खी डीव्हीडी कॉपी करून देतो, हूं की चूं नाही. बर्निंगचं सॉफ्टवेअर बदलून झालं, विंडोजचं स्वतःचं आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) बर्न करायचं टूल वापरून झालं, तरी तेच. स्पीड १६एक्सवरून ४एक्स केला तर एवढाच फरक की मरायला जास्त वेळ लागला. ड्राइव्ह गेला समजू का?

केबलवाला
सॅटा केबल बदला आधी. माझं असंच व्हायचं, केबल बदलली आणि गप्प झालं.

डंप_वाचतो
केबल स्वस्तात बदलून होते, बदला, पण मला नाही वाटत. केबल खराब असली की राइट एरर येतो, डिस्क वाया जाते, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कंट्रोलर एरर (इव्हेंट ११) दिसतात. अख्खी विंडोज झोपते ती सहसा कर्नलमधल्या (विंडोजच्या गाभ्यातल्या) कुठल्यातरी ड्रायव्हरने घाण केल्यावर. तुमच्या निळ्या स्क्रीनवरच्या मेसेजचा कोड डी१, म्हणजे काय, तर ड्रायव्हर वरच्या आयआरक्यूएलवर (कामाच्या तातडीच्या पातळीवर) असताना त्याने अशा मेमरीला हात लावला जी त्या क्षणी रॅममध्ये नाही किंवा पत्ताच चुकीचा आहे, आणि त्या लेव्हलला विंडोज डिस्कवरून पेज आणून देऊ शकत नाही. मग निळी स्क्रीन. म्हणून टक्केवारी दर वेळी वेगळी, नशिबाचा खेळ आहे.

दोन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरने तेच होतंय म्हणजे गडबड त्यांच्या खाली आहे. सी ड्राइव्ह, विंडोज, मिनीडंप फोल्डरमधली (क्रॅशची नोंद ठेवतो तो) शेवटची फाइल विनडीबीजीमध्ये (मायक्रोसॉफ्टचं डीबगर टूल) उघडा, "!अॅनलाइझ -व्ही" द्या, आणि नुसतं वरचं नाव वाचून थांबू नका, तिथे बरेचदा बिचाऱ्या एनटीओएसकर्नलचं, म्हणजे विंडोजच्या कर्नलचंच, नाव येतं. खाली स्टॅकमध्ये (क्रॅशच्या वेळी कोणी कोणाला बोलावलं त्याची यादी) मायक्रोसॉफ्टचा नसलेला ड्रायव्हर शोधा. पूर्वी कधी व्हर्च्युअल सीडी ड्राइव्हवालं काही टाकलं होतं का?

आणि आता प्रयोग आरडब्ल्यू (पुसून परत लिहिता येणाऱ्या) डिस्कवर करा हो. प्लस आर (एकदाच लिहिता येणाऱ्या) डिस्कला सिम्युलेशन मोड, म्हणजे न जाळता रंगीत तालीम, नसतो, दर वेळी खरीच जाळावी लागते.

रिकामी_डिस्क
बरोबर ओळखलंत! स्टॅकमध्ये एक .सिस (ड्रायव्हरची) फाइल आहे, तारीख २००९ ची. आयएसओ माउंट करायचं एक सॉफ्टवेअर होतं विंडोज ७ च्या काळात, अनइन्स्टॉल करून जमाना झाला. नंतर १० वर अपग्रेडच केलं, फॉरमॅट नाही मारला, त्यामुळे हे भूत तसंच राहिलं असणार. मग मी शहाणपणा केला, ड्रायव्हर्स फोल्डरमधून ती फाइलच उडवली. आता डीव्हीडी ड्राइव्हच गायब, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ३९ 😭

डंप_वाचतो
अरे देवा. फाइल गेली पण रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) तिचं नाव आहे ना अजून. तो फिल्टर ड्रायव्हर आहे, विंडोजच्या सीडीरॉम ड्रायव्हरच्या डोक्यावर बसतो, ड्राइव्हला जाणारी प्रत्येक कमांड त्याच्या हातून जाते. नुसतं वाचताना सरळसाध्या रीड कमांड, बर्न करताना सॉफ्टवेअर पास-थ्रूने थेट ड्राइव्हच्या भाषेतल्या (स्कझी) कमांड पाठवतं, तुमचं भूत तिथेच अडखळत असणार. आता विंडोज त्याला शोधतेय, तो सापडत नाही, म्हणून ड्राइव्ह सुरूच होत नाही.

रेजएडिट (रजिस्ट्री बदलायचं टूल) उघडा, एचकेएलएम, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास, आणि त्यात ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी की (रजिस्ट्रीतलं फोल्डर). उजवीकडे अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स बघा. की आधी एक्सपोर्ट करून ठेवा. एकाच व्हॅल्यूत अनेक ओळी असू शकतात, फक्त त्या ड्रायव्हरच्या नावाची ओळ काढा, मग रीस्टार्ट.

सावकाश_बुवा
मध्येच बोलतो, पण शेवटचे आकडे तीनदा वाचा. ९६५ म्हणजे सीडीरॉम. ९६७ म्हणजे हार्ड डिस्क, तिथला पार्टएमजीआर (पार्टिशन सांभाळणारा ड्रायव्हर) उडवलात तर विंडोज बूटच होणार नाही. ९६बी म्हणजे कीबोर्ड. मी एकदा घाईत कीबोर्डवाल्यातली केबीडीक्लासची (कीबोर्डच्या ड्रायव्हरची) ओळ काढली होती, रीस्टार्टनंतर लॉगिनचा पासवर्ड टाकायला बसलो तर एकही की चालेना, शेवटी माउसने ऑन-स्क्रीन कीबोर्डवर एकेक अक्षर टिचकत आत गेलो.

रिकामी_डिस्क
झालं! ९६५ च आहे याची बायकोकडून पण खात्री करून घेतली 😄 अपरफिल्टर्समध्ये दोन ओळी होत्या, भुताची काढली, रीस्टार्ट केलं, ड्राइव्ह परत आला. आरडब्ल्यूवर एक पूर्ण बर्न, मग एका प्लस आरवर ८एक्सने ४.३ जीबी, व्हेरिफायसकट, निळी स्क्रीन नाही.

केबलवाले, केबल तीच आहे बरं का.

दुसरी ओळ सध्याच्या बर्निंग सॉफ्टवेअरची दिसतेय, नाव तसंच आहे. ती राहू देऊ का काढू?

डंप_वाचतो
ते सॉफ्टवेअर वापरताय ना? मग हात लावू नका. काढायचं असेल तेव्हा अनइन्स्टॉल करा आणि नंतर ९६५ मध्ये डोकावून या, ओळ गेली का ते.