खंडणी, निष्क्रय की आणखी काही?

माहीमकर
ख्रिस्ती धर्मशास्त्रावरच्या एका लेखाचा अनुवाद करतोय. येशूच्या मरणाने तारण, म्हणजे माणसाची पापातून सुटका, नेमकं कसं साधलं, यावर विद्वानांनी काय काय म्हटलंय त्याचा आढावा आहे. येशूने आपला जीव मोल म्हणून देऊन माणसाला सोडवलं, या त्यातल्या एका फार जुन्या मताला मी 'खंडणी सिद्धांत' लिहिलं. शब्द माझ्या पदरचा नाही, मार्क १०:४५ मध्ये जीव 'खंडणी म्हणून' अर्पण केल्याचं आपल्या छापील बायबलातच आहे. मुद्रितशोधकांनी लाल गोल करून समासात लिहिलं, 'गुन्हेवार्ता वाटते, बदला.' मुंबईत खंडणी म्हणजे बिल्डरला आलेला फोन, हे मान्य. पण 'मुक्तिमूल्य' लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच वाटत नाही. काय करावं?

बखरबहाद्दर
मुद्रितशोधकांना जरा इतिहास वाचू द्या. शहर लुटू नये, वेढा उठवावा म्हणून ठरवून दिलेली रक्कम ती खंडणी. राजे घेत, गल्लीतले भाई नव्हेत. मला वाटतं शब्द 'खंडून घेणे'वरून आला, म्हणजे घासाघीस करून आकडा एकदाचा तोडायचा. कूळ मालकाला भरतं तो 'खंड' त्याच घरातला असणार. आजोबांच्या कागदांत 'खंडाचे भात' असं लिहिलेलं मी पाहिलंय.

शुद्धमती
राजांनी घेतली म्हणून ती सोवळी झाली का? सुरतेच्या व्यापाऱ्यांना विचारा. संस्कृतात 'निष्क्रय' हा तयार शब्द आहे. गोदान करायची ऐपत नसेल तर गुरुजी 'गोनिष्क्रय' म्हणून पैसे ठेवायला सांगतात. मोल देऊन सुटका, अर्थ चपखल बसतो.

गोराईची पोर
निष्क्रय! आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, हे वाचलं तर म्हाताऱ्या विचारतील, कोण हा, कुठल्या गावचा? आम्ही लहानपणापासून 'खंडणी' ऐकतोय, कुणी हसत नाही. फक्त माझा भाचा धर्मशिक्षणाच्या वर्गातून आला आणि म्हणाला, "मावशी, पण येशूने खंडणी भरली कुणाला?" जेवणं थांबली. कुणालाच सांगता येईना.

पोटमाळा
भाच्याची शंका सोळाशे वर्षांहून जुनी आहे हो. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या धर्मपंडिताचं म्हणणं, माणूस सैतानाच्या ताब्यात, तेव्हा मोल सैतानाला. चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरी या बिशपने तर गळच टाकला. वर मानवी देहाचं आमिष, आत देवपणाचा आकडा, सैतानाने गिळलं आणि अडकला. त्याच्याच ओळखीतला नाझियान्झसचा ग्रेगरी मात्र भडकला. सैतानाला द्यायची तर ती नामुष्की, आणि पित्याला म्हणावं तर त्याने कुठे आपल्याला कैद केलं होतं? पुढे अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म या धर्मपंडिताने सैतानाला हिशेबातून काढलंच. देणं आहे ते देवाच्या मानाचं, माणसाने थकवलेलं, आणि ते फेडण्याची कुवत देव-मनुष्य असलेल्या एकाचीच. गुस्ताफ औलेन या स्वीडिश पंडिताने विसाव्या शतकात जुनं मत पुन्हा वर आणलं. त्याच्या मते महत्त्व देवघेवीला नाही, सैतान आणि मृत्यू यांच्यावरच्या विजयाला आहे.
तेव्हा माहीमकर, खंडणीच ठेवा. त्या शब्दाला वास येतो म्हणून तर 'कुणाला?' हे विचारावंसं वाटतं. मुक्तिमूल्य वाचून कुठलं पोर जेवण थांबवेल?

शुद्धमती
पण मूळ ग्रीक 'लुट्रॉन'ला तो वास कुठे होता? गुलाम किंवा युद्धकैदी सोडवायचा पैसा. दुकानदाराला दमदाटी करून उकळायचा नव्हे. वास तुम्ही मुंबईतून नेताय.

माहीमकर
'सोडवणुकीचे मोल' कसं वाटतं?

निवृत्त लेखनिक
पैशांचंच बोलताय तर 'तारण' कसं कुणाच्या लक्षात येत नाही? मी सहकारी बँकेत कर्ज विभागात होतो. शेजारच्या टेबलावरच्या ख्रिस्ती बाई म्हणायच्या, "तुमच्याकडे तारण दिल्याशिवाय काही मिळत नाही, आमच्याकडे तारणच फुकट मिळतं." माझी व्युत्पत्ती अशी, की कर्ज बुडायला लागलं की सावकाराला तारतं ते तारण.

गोराईची पोर
फुकटवाले, म्हणजे प्रॉटेस्टंट प्रचारक, लोकलमध्ये पत्रक हातात देतात आणि विचारतात, "तुमचं तारण झालंय का?" आम्ही कॅथलिक असं विचारत नाही. झालंय कसं? ते होत असतं, मरेपर्यंत.

पोटमाळा
प्रेषित पौलाने आपल्या पत्रांत तारणासाठी तिन्ही काळ वापरलेत. रोमकरांस ८:२४ मध्ये झालेलं, १ करिंथ १:१८ मध्ये होत असलेलं, रोमकरांस ५:९ मध्ये व्हायचं. माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो यावर कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवर्तक लूथर याच्या मताविरुद्ध ठराव केला. कॅथलिक आणि लूथरन (लूथरचे अनुयायी) यांचा त्याच विषयावर एकत्र जाहीरनामा निघाला तो थेट ३१ ऑक्टोबर १९९९ ला, आउग्सबुर्गमध्ये. लोकलच्या डब्यापर्यंत तो पोचलेला दिसत नाही.

शुद्धमती
मुळात 'तारण होणे' हे मराठी आहे का? मोक्ष म्हणा, सगळ्यांना कळतं.

बखरबहाद्दर
मोक्ष म्हटलं की जन्ममरणाचा फेरा आला. तो ख्रिस्ती मतात आहे कुठे? अर्थात फादर स्टीफन्स या इंग्रज मिशनऱ्याने १६१६ च्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्यात स्वर्गाला बिनदिक्कत वैकुंठ म्हटलं, आणि पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आश्रमाला 'मुक्ती'. तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही.

माहीमकर
मंडळी, मजकूर उद्या छापायला जायचाय.

निवृत्त लेखनिक
जाऊ द्या की. शुद्धमती, 'होणे'ला हरकत का? बँकेत आम्ही सर्रास 'सोनं तारण ठेवलं' म्हणायचो.

शुद्धमती
ठेवतात ते गहाण.

निवृत्त लेखनिक
गहाण निराळं, तारण निराळं. तीस वर्षं तेच कागद केलेत मी. आता ऐका...