मदत हवी आहे : सासूबाईंचं सीआरपी (रक्तातलं सूज दाखवणारं प्रथिन) वाढलंय आणि डोळ्याच्या पडद्यावर ठिपके निघालेत, दोन्हीचा संबंध असतो का?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

सासूबाई (घरात सगळे अक्का म्हणतात) ७१ वर्षांच्या, तासगावकडच्या. शुगर नाही, बीपीची एक गोळी चालू. मोतीबिंदू पिकलाय का बघू म्हणून पुण्याला आणलं तर डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू किरकोळ आहे, पण पडद्यावर बरोबर मधोमध पिवळट ठिपके आहेत, ड्रुसेन म्हणतात त्याला, वयामुळे मॅक्युला (पडद्याचा मधला भाग) झिजतोय, कोरडा प्रकार, मधली स्टेज. ओसीटी (पडद्याचं स्कॅन) काढलं, सहा महिन्यांनी या म्हणाले. बाहेर पन्नास माणसं ताटकळलेली, त्यामुळे मला तिथे काही विचारायला सुचलंच नाही.

त्याच आठवड्यात नवऱ्याने घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबचं फुल बॉडी पॅकेज बुक केलं, कारण दोघांचं एकत्र केलं की स्वस्त पडत होतं (आमच्याकडे आजारपणातही ऑफर बघतात). अक्कांचं एचएस-सीआरपी ६.८, ईएसआर (हीसुद्धा सुजेचीच तपासणी) ३८, हिमोग्लोबिन १०.४. तिन्ही लाल अक्षरात. लगेच धाकटे दीर, "बघा वहिनी, अंगात सूज आहे, तीच डोळ्यात उतरलीये", आणि हळदीच्या कॅप्सूलचे तीन डबे घेऊन हजर, सात हजार रुपये. ते स्वतःच विकतात हे वेगळं सांगायला नको. हसण्यावारी नेलं असतं, पण नेटवर शोधलं तर सीआरपी आणि या डोळ्याच्या आजाराचा संबंध आहे असं खरंच लिहिलेलं सापडतंय, आणि मग रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले.

भीती वाटायचं अजून एक कारण म्हणजे अक्कांच्या थोरल्या बहिणीला शेवटची काही वर्षं समोरच्याचा चेहराच दिसायचा नाही, कडेचं दिसायचं, "तोंडावर धूर बसलाय तुझ्या" म्हणायच्या. म्हातारपण म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. तर सीआरपी खाली आणलं की डोळे वाचतात का? आणि अक्का चाळीस वर्षं मिश्री लावतात, त्याचं काही?

---

प्रतिसाद १
आधी ईएसआरची काळजी सोडा. लॅबवाले सरसकट ० ते २० छापतात, पण वयाबरोबर ते वाढतंच. बायकांसाठी ढोबळ हिशेब म्हणजे वयात १० मिळवा आणि निम्मे करा, म्हणजे अक्कांना ४० पर्यंत चालतं. त्यात हिमोग्लोबिन कमी असलं की ईएसआर अजून वर जातं. हिमोग्लोबिनकडे बघा खरं तर. आणि सात हजार दीरांकडून परत घ्या.

---

प्रतिसाद २
ताई, मी पॅथॉलॉजीत आहे, डोळ्यांची डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

सीआरपी लिव्हरमध्ये तयार होतं. शरीरात कुठेही काही धुमसत असलं की वाढतं, पण कुठे ते सांगत नाही. सर्दी, लघवीचं इन्फेक्शन, गुडघे, पोटाचा घेर, हिरड्या, काहीही. एकदाच्या ६.८ वरून कुणी काही ठरवत नाही, तब्येत ठीक असताना दोन-तीन आठवड्यांनी परत करतात.

तुम्ही वाचलेलं खोटं नाहीये. २००४ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला होता, ९३० माणसं. मॅक्युलाचा आजार बळावलेल्यांचं सीआरपी मधल्या माणसाचं ३.४ आणि डोळे चांगले असलेल्यांचं २.७. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. शेकडो लोकांत फरक दिसतो, पण एकट्या माणसाचा ३ आला तर तो इकडचा की तिकडचा हे देवालाही सांगता येणार नाही. आणि संबंध असणं वेगळं, सीआरपीमुळेच डोळा जाणं वेगळं. धूर दिसतो म्हणून धुरावर पाणी मारून काय उपयोग?

खरी भानगड पडद्यातच असते. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची फौज असते, जंतू मारायला. ती आपल्याच पेशींवर उलटू नये म्हणून फॅक्टर एच हा ब्रेक असतो. २००५ मध्ये कळलं की या ब्रेकच्या जीनमध्ये एका जागी, ४०२ नंबरला, टायरोसिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडीन असलं की मॅक्युलाचा धोका बराच वाढतो. तो बदललेला ब्रेक सीआरपीला नीट धरत नाही, म्हणून या दोघांचं नाव सारखं एकत्र येतं. ड्रुसेनमध्येसुद्धा कॉम्प्लिमेंटची प्रथिनं सापडतात. थोरल्या मावशींचं ऐकून मला आधी हेच आठवलं, हा आजार घराण्यात चालतो. तुमच्या मिस्टरांनीही पन्नाशीनंतर पडदा तपासून घ्यावा.

मधल्या स्टेजला ज्याचा उपयोग दिसलाय ते म्हणजे ठरावीक मात्रेच्या गोळ्या, व्हिटॅमिन सी ५०० मिग्रॅ, ई, झिंक, तांबं, ल्युटिन १० आणि झियाझँथिन २ मिग्रॅ. आजार बळावण्याचा धोका पाच वर्षांत साधारण पाव हिश्श्याने कमी होतो. गेलेली नजर येत नाही. डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. धोका नक्की वाढतो असं सिद्ध झालंय ते बिडी-सिगरेटचं, पण मिश्री म्हणजे तंबाखूच, तोंडासाठी तरी सोडवा.

आणि रोज सकाळी एकेक डोळा झाकून (चष्मा लावून!) चौकटींच्या कागदाकडे बघायला लावा. रेघ वाकडी दिसली किंवा मधे डाग दिसला तर सहा महिने थांबायचं नाही, त्याच आठवड्यात पळायचं. कोरड्याचा ओला झाला की खालून नव्या रक्तवाहिन्या फुटून गळतात. त्यावर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, पण वेळेत.

---

प्रतिसाद ३
वरच्या ताईंनी छान लिहिलंय, एकच भर. सीआरपी-ईएसआर आणि डोळा यांचा तातडीचा संबंध एका ठिकाणी असतो, कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज. पन्नाशीपुढे कानशीलं दुखणं, केस विंचरताना डोकं हुळहुळणं, चावताना जबडा भरून येणं, आणि मग अचानक नजर जाणं. आमच्या वडिलांना झालं होतं. त्याच दिवशी स्टिरॉइड चालू केलं म्हणून दुसरा डोळा राहिला. अक्कांना यातलं काही नाही ना विचारून घ्या.

---

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार, उशीर झाला. कानशिलं, जबडा काही नाही, विचारलं. पण जबड्याचं विचारताना अक्का म्हणाल्या, दाढा मात्र हलतायत, पू येतोय, दिवाळीपासून! कुणाला बोलल्याच नव्हत्या, एका बाजूने जेवत होत्या. दोन दाढा काढल्या, हिरड्या साफ केल्या. तीन आठवड्यांनी सीआरपी २.३. दीरांनी कॅप्सूलचा गुण म्हणून फॅमिली ग्रुपवर जाहीर केलं, डबे अजून सीलबंद आहेत.

पण काल दुसरंच झालं. मुलाच्या गणिताच्या चौकटीच्या वहीचं पान कपाटाला चिकटवलंय, मधे टिंब काढून. उजव्या डोळ्याने ठीक. डावा उघडला तर म्हणाल्या, "ही रेघ पोरानं वाकडी का मारलीय गं?" रेघ छापील आहे. लगेच फोन लावला, उद्या सकाळी नऊची वेळ मिळाली.

इंजेक्शनची वेळ आली तर त्याच दिवशी घरी सोडतात का, घरी आल्यावर डोळा किती दुखतो, कुणाला अनुभव असेल तर आज रात्रीच लिहा प्लीज. आणि अक्का विचारतायत, आदल्या दिवशी नहाणं केलेलं चालेल की नंतर डोळ्याला पाणी लावू देत नाहीत म्हणून आजच उरकून घेऊ.