म्युच्युअल डिव्होर्स: सहा महिने कोर्ट खातं की नवरा-बायको?

तिऱ्हाईत:
परस्पर संमतीच्या घटस्फोटाला हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब मध्ये दोन मुदती आहेत. अर्जाआधी वर्षभर वेगळं राहायचं, अर्जानंतर सहा महिने थांबायचं. दोघांचं खरंच जमलं असेल तर कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटी, पंधरा दिवसांत कागदावर येतात, पुढचे सहा महिने निव्वळ वाया. सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाने ते माफ होऊ शकतात. पहिल्या अर्जानंतर आठवड्याने माफीचा अर्ज टाका नि मोकळे व्हा.

बारीक_अक्षर:
निकाल अर्धाच सांगितलात! कोर्टाने काय बघायचं तेही त्यात आहे: पहिल्या अर्जाआधीच वेगळं राहून दीड वर्ष झालंय का, समेटाचे प्रयत्न फसलेत का, आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे खरोखर मिटलंय का. घोडं अडतं ते शेवटच्यावर. 'फ्लॅट पत्नीस देण्याचे ठरले' या ओळीने काय मिटलं? कर्ज दोघांच्या नावावर. नवऱ्याचं नाव काढायचं तर बँक तिच्या एकटीच्या पगारावर पात्रता नव्याने तपासणार. बँकेचं मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय सही कसली करता?

तिऱ्हाईत:
म्हणजे बँकेसाठी संसार ताटकळत ठेवायचा? टर्म्समध्येच लिहा, अमुक तारखेपर्यंत कर्ज बदललं नाही तर फ्लॅट विकून, कर्ज फेडून उरेल ते निम्मं-निम्मं.

बारीक_अक्षर:
लिहा, पण तारीख डिक्रीच्या, म्हणजे घटस्फोटाच्या अंतिम हुकमाच्या, आधीची धरा. बँक तुमच्या टर्म्समध्ये पक्षकार नाही. हप्ता थकला की ती दोघांनाही धरते. शिवाय महाराष्ट्रात राहतं घर जोडीदाराला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, अधिभार वेगळा. डिक्रीनंतर जोडीदारच उरत नाही.

दुसरी_तारीख:
पैशाचे टप्पे दोघेही विसरलात. डिक्री होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच सांगितलंय. म्हणून सगळी रक्कम आधी देणं धोक्याचं, आणि काहीच न घेता ४९८अ ची (सासरच्या छळाची; जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) केस रद्द करायला हायकोर्टात ना-हरकत देणंही. काही रक्कम पहिल्या अर्जाला, काही केस रद्द होताना, उरलेली दुसऱ्या तारखेला, म्हणजे सहा महिन्यांनंतर दोघं पुन्हा कोर्टापुढे येतात तेव्हा, डिमांड ड्राफ्टने. आकड्यावर एकमत लवकर होतं हो, टप्प्यांवर खरी घासाघीस.

आणि मूल असेल तर ते सहा महिने वायाही नाहीत. 'वडिलांना भेटण्याची सोय राहील' हे वाक्य म्हणजे पुढच्या भांडणाचं निमंत्रण. दुसरा-चौथा शनिवार, ११ ते ५, मूल कुणी कुठे सोडायचं, दिवाळीची सुट्टी कशी वाटायची, पासपोर्टवर सही कोण करणार, हे लिहा आणि त्या सहा महिन्यांत चालवून बघा. शनिवारी शाळा निघते, क्लास निघतो. दुसऱ्या तारखेआधी दोघांच्या सहीने टर्म्स बदलता येतात, डिक्रीनंतर नवा अर्ज.

तिऱ्हाईत:
मूल नाही, घर भाड्याचं, केस एकही नाही, अशांनी काय चालवून बघायचं?

दुसरी_तारीख:
त्यांनी स्त्रीधनाची यादी वजनासकट करावी, दागिने दिल्या-घेतल्याची पावती जोडावी आणि खुशाल माफी मागावी.